मांजरपाटाची बैलजोडी

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, यंदाच्या तान्हा पोळ्याला 32 लाकडी बैल आले आणि दोन मांजरपाटाचे. मांजरपाटाचे दोन म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. मी सर्जा, ती राजा. महिनाभर मी तिला याच नावाने हाक मारत होते, म्हणून इथेही तिला राजाच म्हणते.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला. त्या दिवशी खऱ्या बैलांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. तो मुलांचा पोळा. लहान मुलं लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात, मग घरोघरी नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे किंवा खाऊ. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजी राजांनी मुलांसाठी हा सण सुरू केला असं इथे सांगतात. मुलंही सजून येतात. कोणी शेतकरी होतं, कोणी शिवाजी महाराज, कोणी झाशीची राणी.

कल्पना सुचली ती राजाच्या मुलामुळे. तो पाच वर्षांचा आहे. मागच्या वर्षी त्याच्या लाकडी बैलाचं एक चाक निघालं आणि त्याने रडता रडता आईला विचारलं, "खऱ्या बैलाचं चाक निघालं तर कोण बसवून देतं?" त्याने खरा बैल जवळून पाहिलाच नव्हता. आमचं लेआउट बेसा रोडच्या बाजूला आहे. मी शाळेत होते तेव्हा इथे वावरं होती आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या जोड्या उभ्या राहायच्या. आता सगळीकडे फ्लॅट स्कीम. एखादी जोडी गाडीत घालून आणावी असंही मंडळात कोणी सुचवलं, पण गर्दीत, डीजेच्या आवाजात मुक्या जनावराला उभं करणं आम्हा दोघींनाही पटेना. तेव्हा राजा म्हणाली, "मग आपणच होऊ ना बैल."

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका दुकानात भाड्याचे पोशाख पाहिले. सिंह होता, जिराफ होता, डायनासोर होता, बैल नव्हता. गायीचा होता, पण काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, परदेशी गायीचा. एका दिवसाचे 600 रुपये, वर डिपॉझिट. तिथूनच परतलो आणि चहा पिताना ठरवलं: दोघींचे मिळून 1500 रुपये, त्यापुढे एक रुपया नाही, आणि घरात जे आहे ते आधी वापरायचं.

सगळ्यात आधी आम्ही फोनवर बैलांचे फोटो शोधले. ही चूक होती हे पुढे कळलं. फोटोंत लांबच लांब, मागे वळलेल्या डौलदार शिंगांचे बैल होते. तेच डोळ्यांपुढे ठेवून आम्ही बाइंडिंगच्या तारेचा दीड-दीड फुटाचा सांगाडा केला आणि त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे थर दिले. हे सगळं ऑगस्टमध्ये, झडीच्या दिवसांत! कागदाचा लगदा वरून कोरडा वाटायचा आणि बोटाने दाबला की आत मऊ लागायचा. सहा दिवस पंख्याखाली ठेवला. सातव्या दिवशी खोलीत आंबूस वास सुटला आणि शिंगांच्या बुडाशी हिरवट बुरशी दिसली. नागपूरच्या उन्हाळ्यात हेच काम एका दुपारी वाळलं असतं. पावसाळ्यात कोणाला असं काही करायचं असेल तर लगद्याच्या वाटेला जाऊ नका. पातळ थर द्या, एक वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका, आणि आत पाणी धरून ठेवेल असं काही वापरू नका.

मग फोम आणला. 90 रुपयांचा. त्याची शिंगं वाळवायची गरज नव्हती, पण एवढ्या लांबीला ती आपल्याच वजनाने बाजूला कलंडायची. मी मान हलवली की शिंगं एक क्षण उशिरा हलायची. त्याच सुमारास पुठ्ठ्याचा पूर्ण मुखवटाही केला होता. राजाने तो घालून मुलाला हाक मारली, तर तो किंचाळत आजीच्या मागे लपला. आईचा आवाज ओळखीचा आणि तोंड अनोळखी, याची त्याला फार भीती वाटली. त्या रात्री आम्ही ठरवलं की चेहरा उघडा ठेवायचा. बैल डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर दिसला पाहिजे, आणि खाली मुलांना आमचे डोळे दिसले पाहिजेत.

याशिवाय आम्ही जू केलं होतं. पीव्हीसीचा पाइप, दोन जोड आणि टोप्या, 180 रुपये. दोघींच्या खांद्यांवर एक जू आलं की लांबूनही बैलजोडी ओळखू येईल असा विचार होता. पण माझी उंची पाच फूट सात आणि राजाची पाच एक. जू तिच्या बाजूला इतकं उतरायचं की माझ्या खांद्यावरून घसरून तिच्या मानेवर यायचं. तिने खांद्यावर उशी बांधून पाहिली, मी वाकून चालून पाहिलं. काही जमेना.

तेव्हा राजाच्या आई, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "मामाकडे जाऊन या. घरात बसून बैल होत नसतो."

राजाचे मामा काटोलकडे राहतात. संत्र्याची बाग आणि थोडं कोरडवाहू वावर. ट्रॅक्टर भाड्याने बोलावतात, पण एक जोडी त्यांनी अजून ठेवली आहे. रविवारी सकाळी गणेशपेठेतून एसटी पकडली. महिलांना अर्धं तिकीट, तरी तो खर्च 1500 मध्ये धरायचा की नाही यावर बसमध्ये अर्धा तास वाद झाला. शेवटी मामाकडे तसंही जायचंच होतं, असं म्हणून तो बाहेर ठेवला. फोमची शिंगं पिशवीत घेतली होती.

मामांनी पिशवीतून एक शिंग काढलं, हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हे कोन्या बैलाचं शिंग हाय? हे त खिल्लारी दिसते, पोरींनो. आपल्याकडचा बैल गवळाऊ."

गवळाऊ ही आमच्या भागातली जात, हे मी शाळेत वाचलं असेन, पण डोळ्यांनी नीट कधी पाहिलं नव्हतं. आर्वी, वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा तिचा प्रदेश. अंग पांढरं, बैलाच्या मानेकडे राखाडी झाक. शिंगं आखूड, बुडाशी जाड, थोडी मागे गेलेली, टोकाला बोथट. मी हाताने मोजली. माझी वीतही पुरी भरेना. दीड फुटाची शिंगं तोलून धरण्यात आम्ही दोन आठवडे घालवले होते, आणि ज्या बैलाचं सोंग घ्यायचं त्याला एवढी शिंगं नसतातच. मामांनी आणखी एक सांगितलं: शिंग म्हणजे वरचं टरफल असतं, आत हाड असतं, म्हणून बैलाचं शिंग मोडलं तर त्याला फार वेदना होतात.

मग ते म्हणाले, "अन् तुमच्या बैलाले वशिंड कुठं हाय?"

वशिंड आम्ही विसरलोच होतो. फोनमधले फोटो समोरून काढलेले होते, त्यात पाठ दिसतच नव्हती. आपल्या बैलाची ओळखच मुळी ते मानेमागचं उंच वशिंड आणि गळ्याखाली लोंबणारी पोळी. मामा म्हणाले, "वशिंड नाही त जू अडन कशाले?"

जूचं नाव निघालं म्हणून राजाने त्यांना फोनमध्ये पाइपच्या जूचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग माझा हात धरून गोठ्यातल्या बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे ठेवला. "इथं हात लाव." तिथे केस नव्हते. कातडी जाड, कोरडी, पायाच्या टाचेसारखी कडक झाली होती. चार बोटांच्या रुंदीचा पट्टा. बैलाने कान हलवला, पण हात काढायला लावला नाही. मामा म्हणाले, "वर्षभर जू इथं बसते. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी इथं हळद अन् लोणी लावून शेकतो, आवतन देतो. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं म्हणतो. पोळ्याच्या दिशी यायच्या खांद्यावर जू नसते ठेवत."

आम्ही दोघी गप्प झालो. खांदेमळणी हा शब्द मला माहीत होता, आवतनाचं वाक्यही माहीत होतं. पण ज्या दिवशी बैलाला सुट्टी, त्या दिवसाच्या बैलाला आम्ही 180 रुपये खर्चून जू लावायला निघालो होतो, हे तो कडक पट्टा हाताला लागेपर्यंत कळलं नव्हतं. पाइप तिथेच रद्द झाला. परतीच्या बसमध्ये पावसाने खिडक्या बंद होत्या आणि राजा मांडीवर वही घेऊन नव्याने बैल काढत होती.

मामांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट पुढे सगळ्यात जास्त कामाला आली. जोडीतल्या प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते. एक उजवा, एक डावा. "अदलाबदल केली त दोघंबी अडतात." तोवर आम्ही एकसारखे दोन पोशाख करत होतो. बैलजोडी एकसारखी नसते. ती आरशातल्यासारखी असते.

गांधीबागेतून मांजरपाट आणला, 7 मीटर, 55 रुपये मीटरने 385. काकूंनी कात्री हातातून काढून घेतली. "आधी रात्रभर भिजव. कोरा मांजरपाट आटतो. शिवून झाल्यावर आटला तर बसशील रडत." भिजवून, वाळवून, इस्त्री करून मोजला तेव्हा कापड जवळजवळ हातभर कमी भरलं. शिवून मग धुतलं असतं तर टोपी डोक्यात गेली नसती.

डोक्याचा भाग कसा बेतायचा हे सुचत नव्हतं. तेही काकूंनीच सोडवलं. "कुंची शिवायची," त्या म्हणाल्या. तान्ह्या बाळाची कुंची! डोक्यावर टोपडं, गळ्याशी बंद आणि पाठीवर उतरणारा झोळ. बैलाची मान आणि पाठ यांना याहून सोयीचा बेत नाही. काकूंनी जुन्या वर्तमानपत्रावर कुंची आखली आणि आमच्या डोक्याच्या मापाने वाढवली. पाठीच्या झोळात एक खिसा ठेवला, त्यात वशिंड. गळ्याशी बंदाऐवजी कापडाच्या दोन सैल घड्या घातल्या, ती पोळी झाली. अंगात पांढरा कुर्ता आणि पांढरी सलवार, घरचीच. हात झाकायचे नाहीत असं ठरलं, कारण नागपूरच्या त्या दमट उकाड्यात संपूर्ण अंग झाकून दोन तास उभं राहणं शक्य नाही. ज्यांना लहान मुलांसाठी असं काही शिवायचं असेल त्यांनी हे आधी बघावं: काखेखाली शिवण उघडी ठेवा आणि पाठीला अस्तर लावू नका.

एक सोपी युक्ती सांगते, मला ती 35 वर्षांत कोणी सांगितली नव्हती. कापड दुहेरी घालून कापलं की एका कापात उजवा आणि डावा असे दोन भाग निघतात, आरशातल्यासारखे. मांजरपाटाला सुलट-उलट नसते, त्यामुळे तिथे चुकलं तरी भाग पालथा घातला की काम भागतं. झुलीला ते चालत नाही. झुलीसाठी राजाने तिच्या आजीची जुनी, घडीवर विरलेली डाळिंबी साडी दिली होती. काठ अजून मजबूत होते. मी ती एकेरी घालून दोन्ही तुकडे एकाच बेताने कापले. जोडताना लक्षात आलं की दोन्ही झुली डावीकडच्या झाल्या आहेत, रुंद काठ दोन्हींचा एकाच बाजूला. दुसरी साडी नव्हती. आजीही आता नाहीत. मी खुर्चीत बसून राहिले आणि बोलताच येईना. राजाने तुकडे उचलले, जमिनीवर पसरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "पदर उरला आहे ना?" तिने एका झुलीचा काठ उसवून दुसऱ्या बाजूला नेला, आणि जिथे उसवल्याची रेघ राहिली तिथे पदराची पट्टी बसवली. तशीच पट्टी मग दुसऱ्या झुलीलाही लावली, जोडी जुळावी म्हणून. लोकांनी नंतर त्याच पट्टीचं सगळ्यात जास्त कौतुक केलं.

उंचीचा प्रश्न झुलीने सुटला. आम्ही खांद्यापासून खाली मोजत होतो, ते सोडून जमिनीपासून वर मोजलं. दोन्ही झुलींची खालची कड जमिनीपासून 14 इंचांवर. माझी झूल तिच्यापेक्षा लांब झाली, पण शेजारी उभं राहिलो की कड एका रेषेत. राजाचं वशिंड माझ्यापेक्षा दोन इंच उंच केलं आणि तिची शिंगं दीड इंचाने लांब ठेवली. दोन्ही पोशाख टेबलावर ठेवले तर वेगळे दिसायचे. अंगावर चढवले की जोडी.

शिंगांसाठी साहित्य मिळालं ते कपाटावर. बाबांच्या गुडघ्याचे जुने एक्सरे! एक्सरेची फिल्म हलकी, ताठ, पाण्याने न बिघडणारी. पंख्यासारखा तुकडा कापून शंकू वळवला, आतल्या बाजूला तीन खाचा देऊन टेपने ओढला की तो हवा तेवढाच मागे वाकतो. त्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या, दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी यात बुडवून. दोनच थर. पंख्याखाली एका रात्रीत खणखणीत वाळले, त्याच झडीत. उजेडासमोर धरलं तर आत बाबांच्या गुडघ्याची वाटी पुसट दिसायची. शिंगाच्या आत हाड असतं हे मामांचं वाक्य मला तेव्हा आठवलं आणि बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी हात लावून पाहिलं. त्यांचं लहानपण सावनेरकडे बैलांमागे गेलं आहे. ते फक्त म्हणाले, "बूड जाड कर अजून." केलं.

शिंगांच्या बुडाला टोचणीने भोकं पाडून ती बक्रमच्या पट्टीवर शिवली. पट्टी कुंचीच्या आत कपाळावर येते, तिला आतून स्पंज. नुसती चिकटवलेली शिंगं टिकत नाहीत. शिवायलाच हवी, आणि दोन बाजूंनी.

मानेची राखाडी झाक आणायला रंग विकत घ्यायचा नव्हता. काकूंनी चहाचा उरलेला चोथा आठवडाभर साठवला, तो उकळला आणि त्यात जुने गंजलेले खिळे टाकून दोन दिवस ठेवला. चहातला तुरटपणा आणि लोखंड मिळून काळसर पाणी होतं. ते कापडाच्या बोळ्याने मानेवर आणि वशिंडावर टिपत गेलो, वरून खाली फिकट करत. तो रंग धुण्यातही गेलेला नाही. कानांच्या आत राजाच्या जुन्या गुलाबी कुर्त्याचं कापड. कान शिंगांच्या खाली आणि आडवे बसवायचे, वर उभे नाही. वर उभे लावले की ससा होतो, हे आम्ही एकदा करून पाहिलं.

साज मात्र खरा हवा होता. पोळ्याच्या आधी इतवारीत बैलांच्या साजाची दुकानं भरलेली असतात. घुंगरं, कवड्यांच्या माळा, गोंडे, कपाळावर बांधायच्या मठाट्या, वेसणी, कासरे, शिंगांना लावायचं बेगड, शिंगांच्या टोकांच्या पितळी शेंब्या. दुकानदाराने विचारलं, "बैल कोणत्या मापाचे?" राजाने सांगितलं की आम्ही दोघीच. त्यांनी हसून न बोलता सगळ्यात लहान मठाट्या काढल्या, वासरांच्या असाव्यात, आणि आमच्या कपाळांवर धरून पाहिल्या. दोन मठाट्या 140, घुंगरं 160, बेगड आणि गोटा 110. कवड्यांच्या माळा परवडेनात. त्या आम्ही पिस्त्याच्या टरफलांच्या केल्या. टरफलाच्या पाठीवर तपकिरी रंगाची एक रेघ आणि तिला छोटे दात काढले की हाताच्या अंतरावरून कवडीच वाटते. शेजारच्या चार घरांतून टरफलं गोळा झाली. गोंडे जुन्या स्वेटरच्या लोकरीचे: चार बोटांना 60 वेढे, मध्ये घट्ट गाठ, दोन्ही टोकं कापून वाफेवर धरायचे म्हणजे फुलतात. मी एकटीने 22 केले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पोशाख घालून पाहत होतो. काकू आतून वाटीत हळद आणि लोणी घेऊन आल्या. मला वाटलं शेजारी कुठे द्यायचं असेल. त्यांनी आम्हाला दोघींना शेजारी उभं केलं, आणि मांजरपाटावरून, वशिंडाच्या पुढे, जिथे मामांनी माझा हात ठेवला होता तिथे, हळदलोणी चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." राजाचा मुलगा बाजूला उभा होता. त्याने वाटीत बोटं घातली आणि त्याचा हात जिथे पोचला तिथे, माझ्या कोपरावर, हळद लावली.

तान्हा पोळ्याचा दिवस म्हणजे नागपुरात मारबतीचाही दिवस. वाईट गोष्टी गावाबाहेर घालवायला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवत निघतात, मागे बडगे, तेही पुतळेच, आणि "घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्या. दरवर्षी आम्ही इतवारीत मिरवणूक बघायला जातो. यंदा गेलो नाही. सकाळी राजाच्या घुंगरमाळेचं इलॅस्टिक तुटलं आणि सगळी घुंगरं पलंगाखाली गेली, आणि त्या दिवशी इतवारीत जाऊन नवं काही आणणं अशक्य. बाबांच्या पायजम्याची नाडी ओवून माळ पुन्हा केली. नाडीच बरी. घुंगरं जड असतात, इलॅस्टिक त्यांच्या वजनाला पुरत नाही.

संध्याकाळी मंदिरासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. बारीक पाऊस सुरू होता. गेरूत वाटीची कड बुडवून आमच्या झुलीखालच्या कापडावर गोल ठसे उमटवले होते, ते पावसाने थोडे ओघळले. ते मला आवडलं, खऱ्या बैलाच्या अंगावरही ते तसेच ओघळतात. आम्ही रांगेच्या टोकाला उभ्या राहिलो, राजा उजवीकडे, मी डावीकडे. कासरा राजाच्या मुलाच्या हातात. मुलं आधी लांबून पाहत होती. मग एका मुलीने विचारलं, "हात लावू?" आणि माझं वशिंड दाबून पाहिलं. "हे काय आहे?" मी सांगितलं. "आणि हे?" पोळी. "आणि इथे पिवळं काय लागलं?" तेही सांगितलं. पुढचा अर्धा तास आम्ही तेच करत होतो. रांग मोडली, लाकडी बैल बाजूला राहिले आणि मुलं एकमेकांना दाखवू लागली की जू इथे बसतं, आणि आज बसत नाही.

झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या. "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" म्हटलं की सगळ्यांनी ओरडायचं. नंतर बायका मुलांच्या बैलांना ओवाळत आल्या. शेवटच्या इमारतीत राहणाऱ्या एक आजी तांब्या घेऊन आल्या आणि काही न विचारता आमच्या पायांवर पाणी घातलं. मी मागे सरकले, "आजी, अहो, आम्ही..." त्या म्हणाल्या, "उभी राहा." त्यांनी कुंकू लावलं, आमच्या हाताला पुरणपोळीचा घास दिला, आणि माझ्या शिंगाच्या बुडाला बोट लावून पाहिलं. "आमचा असाच होता," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या लाकडी बैलाकडे गेल्या.

आम्हाला बोजारा मिळाला तो मंडळाच्या डब्यात टाकला. घरी येऊन हिशेब केला. कापड 385, पाइप 180, घुंगरं 160, मठाट्या 140, फेविकॉल 120, बेगड-गोटा 110, दोरा-इलॅस्टिक-बक्रम 95, फोम 90, तार 40. एकूण 1320. पाइप, फोम आणि बरीचशी तार वाया गेली नसती तर 1000 च्या जवळपास भागलं असतं. 180 उरले, बरोबर पाइपाइतके.

त्या 180 रुपयांची सरकीची ढेप घेऊन आम्ही पुढच्या रविवारी काटोलला गेलो. मुलालाही नेलं. मामांनी फोटो पाहिले, झुलीचा काठ मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "उजवा-डावा बराबर हाय." मुलाने ढेपेचा तुकडा तळहातावर धरला. बैलाने जिभेने तो उचलला तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटले, पण हात मागे घेतला नाही. मी जवळ जाऊन बैलाचा कान आतून नीट पाहिला. तो गुलाबी नसतो. फिकट, दुधावरच्या सायीसारखा, आणि त्यात बारीक पांढरी लव. राजाने वहीत लिहून घेतलं.